दादा, वयाला दोष देऊ नका, जॉब किती उंचीवर ठेवलाय ते बघा

या आठवड्याचं पत्र हातकणंगले तालुक्यातल्या एका वाचकाचं आहे. थोडं कमी करून देतेय:

"ताई, मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत फेटलिंगला (ओतीव मालाच्या नको असलेल्या कडा घासून काढायचं काम) आहे, वय ४१. दिवसभर ग्राइंडर चालवायचा. जॉब (घासायचा नग) टेबलावर असतो, मोठा जॉब असला की वरची बाजू मारताना हात छातीच्या वर जातात. सहा महिने झाले उजवा खांदा दुखतोय. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, शर्ट घालताना हात मागं नेला की कळ येते. कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय तुझं वय झालं. तालमीतले वस्ताद म्हणतात मुद्गल फिरव, मोकळा होईल. मेडिकलमधून गोळी आणून खाल्ली की दिवस निघतो. पीस रेटवर (जेवढे नग तेवढे पैसे) आहे, सुट्टी घेतली की पैसे गेले. घरी दोन म्हशी आहेत, वैरण मलाच आणावी लागते. हे कामामुळंच झालंय का? काम सोडू का? आणि धाकटा भाऊ पुढच्या महिन्यात इथंच फेटलिंगला लागतोय, त्याला काय सांगू?"

दादा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, तुम्ही जे लिहिलंय त्यावरून यात कामाचा वाटा मोठा दिसतोय. खांदा हाताळून बघितल्याशिवाय दुखण्याला नाव देणं बरोबर नाही, खरं रात्रीची कळ, त्या कुशीवर झोपता न येणं, शर्ट घालताना हात मागं नेला की लागणं, हे सगळं रोटेटर कफ नावाच्या खांद्याच्या स्नायूंच्या दुखण्यात अगदी नेहमी दिसतं. घरी एक करून बघा, हात बाजूनं हळूहळू वर उचलायचा, सुरुवातीला काही नाही, मधल्या टप्प्यात कळ येते आणि पार वर गेला की परत कमी होते, असं होत असेल तर शंका आणखी पक्की. चाळिशीनंतर खांद्यातले स्नायुबंध, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे दोर, थोडे झिजायला लागतात हे कॉन्ट्रॅक्टरचं म्हणणं खोटं नाही, पण वय सगळ्यांचंच वाढतं, आणि तुमच्याच वयाचा दुसरा माणूस जो दिवसभर हात वर धरून काम करत नाही तो रात्री निवांत झोपतोय, मग नुसतं वय म्हणून कसं चालेल?

खांद्याचा सांधा आतून कसा आहे ते थोडं सांगते, म्हणजे पुढचं पटेल. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि त्याची खोबण उथळ, त्यामुळं हात सगळीकडं फिरतो, पण त्या गोळ्याला जागेवर धरून ठेवायचं काम चार छोट्या स्नायूंवर पडतं, त्यांनाच रोटेटर कफ म्हणतात. त्यातल्या वरच्या स्नायूचा बंध खांद्याच्या टोकाच्या हाडाखालून जातो, तिथं जागा मुळातच अरुंद. हात वर गेला की ती जागा आणखी कमी होते आणि बंधावर दाब येतो. शिवाय हात वर धरून ठेवला की स्नायू आवळलेलाच राहतो आणि त्याला रक्त नीट पोचत नाही, पाण्याच्या पाइपवर पाय ठेवल्यासारखं. एकदा हात वर करून कपाटावरचा डबा काढला तर काही होत नाही, दिवसातून शेकडो वेळा तेच झालं आणि मध्ये स्नायूला मोकळं व्हायला वेळच मिळाला नाही की मग दुखणं धरतं.

आता हिशोब बघा. माणसाचा एक हात त्याच्या वजनाच्या साधारण ५ टक्के भरतो, म्हणजे तुम्ही ७० किलोचे असाल तर रिकामा हातच साडेतीन किलोचा. तो समोर सरळ धरला तर त्याचा भार खांद्यापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर येतो, हातात दोन किलोचा चार इंची ग्राइंडर असला तर तो भार ६० सेंटिमीटरवर, आणि हे सगळं पेलणारा स्नायू सांध्यापासून जेमतेम ३ सेंटिमीटरवरनं ओढत असतो. गुणाकार-भागाकार केला की ७५ किलोच्या आसपास ओढ येते. दोन किलोच्या मशिनसाठी ७५ किलो! तोच ग्राइंडर कोपर वाकवून दोन्ही हातांनी अंगाजवळ धरला तर हा आकडा निम्म्यावर येतो, काही वेळा त्याच्याही खाली. आणि हा नुसता धरायचा हिशोब झाला, जॉबवर दाब द्यायचा जोर वेगळाच, सात इंची ग्राइंडर असला तर विचारायलाच नको. हिशोब ढोबळ आहे, हात तिरका असला, उंची वेगळी असली तर आकडे बदलतील, पण जॉब अंगापासून लांब आणि उंच असला की काय होतं ते यावरून कळतं.

आपल्याकडं सगळ्यांच्या डोक्यात एकच बसलंय की दुखणं म्हणजे वजन उचललं म्हणून. अमेरिकेत नायॉश नावाची सरकारी संस्था आहे, कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करते, तिनं १९९७ साली तोपर्यंतचे सगळे अभ्यास एकत्र करून बघितले. खांद्याच्या बाबतीत दोन गोष्टींचा पुरावा चांगला निघाला, एक म्हणजे हात वर उचललेल्या स्थितीत काम आणि दुसरी म्हणजे तीच तीच हालचाल परत परत. नुसता जोर किंवा नुसतं व्हायब्रेशन, यांचा एकेकट्याचा पुरावा त्या वेळी पुरेसा नव्हता, आणि सगळ्यात ठळक संबंध दिसला तो या गोष्टी एकत्र आल्या तिथं, म्हणजे हातात अवजार धरून हात वर करून काम. आता तुमचं काम बघा की. अवजार हातात आहे, हात छातीच्या वर आहेत, हालचाल तीच, ग्राइंडर थरथरतोय म्हणून मूठ गच्च आवळलेली आणि मूठ आवळली की खांदाही आवळलेलाच राहतो, वर पीस रेट म्हणजे मधली दोन मिनिटं थांबायचीही चोरी. यातलं एकेक वेगळं असतं तर शरीरानं सोसलंही असतं, तुमच्याकडं सगळं एकाच खांद्यावर आलंय.

पीस रेटबद्दल मी मुद्दाम लिहितेय कारण डॉक्टरकडं गेल्यावर हे कुणी सांगत नाही आणि डॉक्टरही विचारत नाहीत. कामाची घाई, वेग स्वतःच्या हातात नसणं, साहेबांचं डोक्यावर उभं राहणं, याचाही मान-खांद्याच्या दुखण्याशी संबंध आहे असं बऱ्याच अभ्यासांत आलंय. ताण असला की माणूस नकळत खांदे वर चढवून काम करतो, आणि थांबत नाही. तुम्ही आळशी नाही आणि तुमचा खांदा कच्चाही नाही, जिथं थांबलं की पैसे कापले जातात तिथं कुणाचाही खांदा असाच बोलणार.

आणि घरची वैरण. शिफ्ट संपल्यावर खांद्याला खरी विश्रांती मिळायला पाहिजे त्या वेळेला तुम्ही शेतात जाऊन भारा बांधता, डोक्यावर घेता आणि उजवा हात वर करून तो धरून घरापर्यंत चालता. म्हणजे परत तेच, हात वर, वजन, आणि तसाच धरून ठेवलेला. वैरण सोडा म्हणत नाही, म्हशी उपाशी ठेवता येत नाहीत हे मलाही कळतं. पण निदान तीनेक महिने भारा डोक्यावर नको, सायकलवर किंवा गाडीवर बांधून आणा, नाहीतर छोटे भारे करून हातगाड्यावर, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी हाताशी घ्या. धार काढताना हात खाली असतो, त्यात दुखत नसेल तर चालू द्या.

आता मुद्गल. वस्तादांबद्दल मला आदर आहे, कोल्हापुरात कित्येक पैलवानांचे खांदे तालमीतच घडले आणि मुद्गल हा धडधाकट खांद्याला ताकद देणारा व्यायाम आहे यात वाद नाही. पण तो फिरवताना हात डोक्याच्या मागं जातो आणि वजनाच्या झोक्यानं सांध्याला हिसका बसतो, सुजलेल्या बंधाला नेमकं तेच नको असतं. आत्ता नको. तसंच कुणी खांदा धरून कटकन ओढून देतो म्हणाला तर हात जोडून नाही म्हणा. तेल लावून हलक्या हातानं मालीश करायला हरकत नाही, बरं वाटतं, पण त्यानं मूळ कारण जात नाही.

गोळीचं तर मला जास्त काळजीचं वाटतंय. डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या रोज, महिनोन् महिने, डॉक्टरला न विचारता खाल्ल्या की पोटात अल्सर होऊ शकतो आणि किडनीला त्रास होतो, आणि फाउंड्रीच्या उकाड्यात घाम जातो, पाणी कमी प्यायलं जातं, तेव्हा किडनीवरचा धोका आणखी वाढतो. शिवाय गोळीनं दुखणं दबलं की तुम्ही त्याच टेबलावर तेच काम जोरात करता, म्हणजे खांदा ओरडतोय ते ऐकूच येत नाही. मेडिकलवाल्याला विचारून चाललंय ते आजपासून बंद, जी काय गोळी लागेल ती डॉक्टर सांगतील तेवढे दिवस. तंबाखू, विडी, सिगारेटचं तुम्ही लिहिलं नाही, ओढत असाल तर एवढंच सांगते की धूम्रपानाचा स्नायुबंधांच्या झिजेशी संबंध दिसलाय आणि भरून यायलाही वेळ लागतो.

साहेबांना विचारून सोबत्याला पाचेक मिनिटं मोबाईलवर शूटिंग करायला सांगा, समोरून नको, बाजूनं. मग घरी निवांत बघा. दंड अंगाला लावून खाली सोडलेला म्हणजे शून्य अंश, समोर आडवा म्हणजे ९०. तुमचा दंड ६० अंशांच्या वर, म्हणजे आडवा व्हायच्या थोडं अलीकडंपासून पुढं, किती वेळ जातोय आणि एकदा गेला की किती सेकंद तसाच राहतोय ते बघा. कामाच्या वेळेला आपल्याला हे कळत नाही, व्हिडिओत बघितलं की माणूस स्वतःच म्हणतो अरे मी असं करतो होय. तेच शूटिंग साहेबांना दाखवा. टेबल उंच आहे म्हणून नुसतं सांगितलं तर तक्रार वाटते, दाखवलं तर पटतं.

बदल काय मागायचा? सगळ्यात आधी उंची. जोर लावायच्या कामात ग्राइंडर जिथं टेकतो ती जागा उभ्या माणसाच्या कोपरापेक्षा वीतभर खाली पाहिजे. छोट्या जॉबला टेबल बरोबर असेल पण मोठा जॉब ठेवला की त्याची वरची बाजू छातीला येते, खरी अडचण इथंच आहे, म्हणून मोठ्या जॉबला वेगळं बुटकं टेबल पाहिजे, नाहीतर तुम्ही उभं राहायला पाट पाहिजे, रुंद, न घसरणारा, काठावरनं पाय जाणार नाही असा, कारण हातात फिरता ग्राइंडर असताना तोल जाणं फार वाईट. दुसरं म्हणजे हात जॉबभोवती फिरवण्याऐवजी जॉब फिरवायचा, साधं फिरतं फिक्स्चर, म्हणजे जॉब पकडून ठेवणारी चौकट, केलं की वरची बाजू समोर येते आणि हात वर जायचं कारणच राहत नाही. जड ग्राइंडर वरून स्प्रिंग बॅलन्सरला टांगता येतो, मशिनचं वजन बॅलन्सर घेतो, तुम्ही फक्त दिशा द्यायची. आणि व्हील, म्हणजे ग्राइंडरची घासणारी चकती. गुळगुळीत झालेल्या, कापत नसलेल्या व्हीलनं तासभर दाबत बसण्यात खांदा जातो, वेळही जातो, मालही धड निघत नाही, खरं व्हील वाचवायच्या नादात किती ठिकाणी हेच चालतं. साहेबांना हे त्यांच्याच हिशोबात सांगा, की व्हील वेळेवर बदललं, जॉब हाताशी आला तर पीस जास्त निघतील. एकट्यानं जाऊ नका, तुमच्या टेबलावर काम करणाऱ्या बाकीच्यांनाही विचारा, मला वाटतंय निम्म्या लोकांचा खांदा नाहीतर मान दुखत असणार आणि कुणी बोलत नसणार. चौघं गेले तर एकट्याचं रडगाणं म्हणून कुणी झटकून टाकणार नाही.

साहेबांच्या परवानगीची गरज नाही असंही काही आहे. दर जॉब खाली ठेवताना अर्धा मिनिट दोन्ही हात खाली सोडून मोकळे करा, घड्याळ लावायला नको, जॉब बदलला की हात खाली. वरची बाजू सलग दहा जॉबची मारायची आणि मग खालची, असं करत असाल तर ते मोडा, एक वर एक खाली असं मिसळा. खांदे कानाकडं चढलेत का ते अधनंमधनं बघा. साहेब ऐकत असतील तर दोनेक तास ग्राइंडिंग झालं की तपासणीला नाहीतर जॉब लावायला बदली मागा.

डॉक्टरकडं जायचं टाळू नका, सहा महिने झालेत. पगाराच्या स्लिपवर ईएसआयची (राज्य कामगार विमा) कपात, म्हणजे पगाराच्या ०.७५ टक्के, दिसते का बघा, कॉन्ट्रॅक्टवर असलात तरी ती व्हायला पाहिजे. कपात होत असेल तर उपचार त्यातनं होतात, आणि डॉक्टरांनी विश्रांती लिहून दिली तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते, त्यासाठी त्याआधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. सुट्टी घेतली की सगळे पैसे गेले असं तुम्ही धरून चालताय, तसं नसेलही, आधी चौकशी करा. ईएसआय नसेल तर कोल्हापूरचं सीपीआर सरकारी रुग्णालय आहेच. डॉक्टरांना खांदा दुखतोय एवढंच सांगू नका, काम काय, हात किती वर, किती तास, सगळं सांगा, व्हिडिओ असला तर तोच दाखवा. एक्सरेमध्ये हाड दिसतं, बंध दिसत नाही, त्यासाठी सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो, पण एमआरआयचा हट्ट तुम्ही धरू नका, ज्यांना काहीच दुखत नाही अशा कित्येक लोकांच्याही एमआरआयमध्ये झीज दिसते आणि माणूस उगाच घाबरतो. साखर मात्र तपासून घ्या, डायबेटीसवाल्यांना खांदा पार जाम होण्याचा धोका बराच जास्त असतो. इंजेक्शन दिलं तर काही आठवडे बरं वाटेल, त्या काळात व्यायाम करायचा असतो, दुप्पट पीस काढायचे नसतात. व्यायाम फिजिओकडूनच शिकून घ्या, त्याला बारा आठवडे तरी द्यावे लागतात, आणि करताना थोडं दुखलं तर चालेल पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं असलं तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजून कमी करायचं. झोपताना डाव्या कुशीवर, आणि उजव्या हाताखाली उशी.

काही लक्षणांत वाट बघायची नाही. हात अचानक उचलताच येईना, पडल्यावर किंवा झटका बसल्यावर ताकद गेली, बोटांत सारख्या मुंग्या, ताप येऊन खांदा सुजला, तर त्याच दिवशी दाखवा. आणि खांद्याबरोबर छातीत दाब, घाम, धाप असं काही झालं, डावा असो नाहीतर उजवा, तर खांद्याचं आहे म्हणून बाम चोळत बसू नका, १०८ ला फोन करा.

हे फक्त फाउंड्रीवाल्यांचंच नाही. छताला रंग देणारे, वायरिंग करणारे, दिवसभर कात्री वर धरणारे सलूनवाले, फळ्यावर लिहिणाऱ्या शिक्षिका, उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीत चढवणारे, या सगळ्यांचा खांदा असाच हात वर राहून जातो, त्यामुळं ज्यांना लागू आहे त्यांनी आपापल्या कामाला लावून बघा.

काम सोडू का म्हणता, तर आज लगेच नको. आधी वरचे बदल आणि उपचार एकत्र करा, तीन महिने द्या. एवढं करूनही उंची बदलून मिळाली नाही, दुखणं वाढतच राहिलं, तर त्याच फाउंड्रीत कोअर शॉप (साच्यात बसवायचे वाळूचे गाभे करतात ती जागा), तपासणी असं दुसरं काम मागा, पंधरा-वीस वर्षं माल हाताळलेल्या माणसाची नजर तपासणीला उपयोगाची असते आणि चांगल्या मालकाला ते कळतं. तेही नाहीच जमलं तर दुसरीकडं बघायला लाजू नका, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, एवढ्या फाउंड्र्या आहेत आपल्याकडं. बंध पूर्ण फाटल्यावर ऑपरेशन आणि मग कित्येक महिने घरी, त्यापेक्षा आत्ता बदललेलं बरं.

राहिला भाऊ. त्याचा खांदा आत्ता धड आहे म्हणून त्याला पहिल्याच आठवड्यात तुमच्याएवढे पीस काढायला लावू नका, नवीन माणसाला सवय व्हायला वेळ लागतो आणि जोशात सुरुवातीलाच दुखापत करून घेतात पोरं. ग्राइंडर कसा धरायचा, कोपर अंगाजवळ कसं ठेवायचं, व्हील कधी बदलायचं हे तुम्ही शिकवा, तुम्हाला दुखतंय ते का दुखतंय तेही सांगा. तो तुमच्यापेक्षा उंच आहे की ठेंगणा ते तुम्ही लिहिलं नाही, दोघं वेगवेगळ्या शिफ्टला एकाच टेबलावर येणार असाल तर टेबलाच्या पायांना तीन-चार उंचीची भोकं पाडून घ्या, पिन काढायची आणि आपल्या कोपराप्रमाणं खाली-वर करून परत घालायची, कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठलाही फॅब्रिकेटर हे करून देईल. भाऊ कामावर येतोय तेच निमित्त करून साहेबांकडं हा विषय काढा.